देशोदेशीची तिखट मक्याची पाकिटं: पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी

तिखट मक्याच्या पाकिटांची चव घ्यायची म्हणजे चार पाकिटं फोडायची, मूठमूठ खायचं आणि 'हे भारी, ते फालतू' म्हणून मोकळं व्हायचं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. गप्पांपुरतं ते ठीक आहे. पण तसं बसलं की दुसऱ्या पाकिटातच जीभ पोळते आणि तिसऱ्यात लसूण होता की चीज, हे कुणालाच सांगता येत नाही. मेक्सिको, अमेरिका, कोरिया, फिलिपिन्स, भारत अशा ठिकाणची पाच पाकिटं एका संध्याकाळी नीट चाखायची असतील आणि ही पहिलीच वेळ असेल, तर पुढचं वाचा.

माझं एक मत आधीच सांगून ठेवते. पाकिटावर कितीही ज्वाळा छापलेल्या असल्या, तरी आतल्या 'तिखटा'त आंबटाचा वाटा फार मोठा असतो. हे जिभेला एकदा ओळखता आलं की निम्म्या पाकिटांचं गुपित उघडं पडतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याचसाठी आहेत.

पायरी १: मका कुठल्या वाटेनं आलाय ते बघा

मका सगळ्यांत आहे म्हणून पाकिटं सारखी होत नाहीत. चव घेताना जिभेवर काय होतं ते मक्यावर आधी काय संस्कार झालेत यावर ठरतं, म्हणून इथे जरा वेळ घालवा.

पहिली जात चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची. मेक्सिकोत हजारो वर्षं मका चुन्याच्या निवळीत उकळून, रात्रभर मुरवून, मग धुऊन वाटतात. त्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, पोळी लाटता येते आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका पोहोचला पण ही रीत पोहोचली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. पाकिटबंद खाण्याच्या लेखात हा इतिहास कशाला, असं वाटेल. पण त्या चुन्याचाच एक खमंग, किंचित मातकट वास असतो आणि तो तुम्हाला डोरिटोजच्या त्रिकोणात आणि टाकीजच्या गुंडाळीत सापडायला हवा. अमेरिकाभर १९६६ साली विकायला आलेले डोरिटोज आणि मेक्सिकोत बार्सेल कंपनीनं १९९९ साली काढलेले टाकीज, दोन्ही याच घरातले. चावा मोडताना 'कट्' असा आवाज होतो, तुकडे टोकदार पडतात आणि टाळूला टोचतात.

दुसरी जात फुगवलेल्या कण्यांची. मक्याची भरड थोडी ओलसर करून यंत्रात प्रचंड दाबानं पुढे ढकलतात. बारीक भोकातून बाहेर पडताक्षणी दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुलतं. ही युक्ती कुणा आचाऱ्याला सुचलेली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, बेलॉइट गावी जनावरांचं खाद्य भरडणाऱ्या एका कंपनीत यंत्र साफ राहावं म्हणून ओलसर मका घालत, आणि तो फुलून बाहेर पडताना दिसला. चीटोज, दक्षिण आफ्रिकेतले निकनॅक्स आणि आपलं कुरकुरे ही सगळी त्याच यंत्राची मुलंबाळं. चीटोज तोंडात विरघळतात, आणि विरघळताना सगळा मसाला एकदम जिभेवर सोडतात. म्हणून तेवढ्याच मिरचीचं फुगीर खाणं सुरुवातीला जास्त झणझणीत लागतं.

तिसरी जात अख्ख्या दाण्याची: फिलिपिन्समधला कॉर्निक, अमेरिकेतले कॉर्न नट्स, पेरूमधली कांचा. दाणे भिजवून मग तळतात किंवा भाजतात. कॉर्न नट्स १९३६ सालापासूनचे, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे; पुढे त्यांनी पेरूच्या कुस्कोकडच्या टपोऱ्या मक्याचा वाण आपल्याकडे रुजवला. या जातीत मसाला फक्त सालीवर असतो आणि आत नुसता भाजका मका. दाताखाली आधी तिखट आणि मग गोडसर पिठूळ, अशी दोन टप्प्यांची चव लागते. दाढेत फिलिंग किंवा कॅप असेल तर हा गट बाजूला ठेवा. कॉर्न नट्स खरोखर खड्यासारखे असतात.

कोरियातला कोक्काल-कॉन या तिन्हींच्या काठावरचा: लॉटे कंपनीचा, १९८३ पासूनचा, टोपीच्या आकाराचा पातळ शंकू. पोरं तो बोटांना चढवतात, आणि मोठी माणसं कुणी बघत नसलं की.

आता एक सापळा. जपानी पाकिटावर लाल राक्षस, मिरची आणि धूर बघून ते मक्याचं समजू नका. १९८४ पासूनचा कारामुचो आणि २००३ साली आलेला 'बोकुन हबानेरो' ही जपानची दोन गाजलेली तिखट खाणी बटाट्याची आहेत. आणि आपल्या कुरकुऱ्याच्या घटकांत पहिलं नाव तांदळाच्या पिठाचं असतं. मका आणि बेसन नंतर येतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की पाकिटाची कुळी कळते. मी तरीही कुरकुरे यादीत ठेवते. आपल्या लोकांना मोजमापाला एक ओळखीची चव लागतेच.

पायरी २: पाकिटं निवडा, पण पाचाच्या वर जाऊ नका

नवख्या जिभेला पाच पुरतात. माझी नेहमीची मांडणी अशी: एक अख्ख्या दाण्याचं (कॉर्निक), एक कोरियाचं गोड-तिखट, कुरकुरे मसाला मंच, एक डोरिटोज, आणि शेवटी टाकीज फुएगो किंवा चीटोज फ्लेमिन हॉट. शेवटच्या दोघांपैकी एकच घ्या. दोन्ही एका बैठकीत घेतले तर दुसऱ्याला न्याय मिळत नाही.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये आयात मालाची दुकानं आहेत, मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटात एखादं कपाट असतं, बाकी घरपोच देणारी ॲपं आहेतच. पण खरा पुरवठा होतो तो अमेरिकेतून, दुबईतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून. त्यांना सांगताना नुसतं 'टाकीज आण' म्हणू नका. फुएगो, निळं, हिरवं असे बरेच प्रकार असतात आणि दुकानात उभा राहिलेला भाचा गोंधळून बटर पॉपकॉर्न घेऊन येतो. पाकिटाचा फोटो पाठवा.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा: नाव एक म्हणून चव एक, असं नसतं. मेक्सिकोत विकले जाणारे डोरिटोज, ब्रिटनमधले 'चिली हीटवेव्ह' आणि भारतात बनणारे यांत तेल, मीठ, मसाला सगळंच वेगळं असू शकतं. एकाच नावाची दोन देशांची पाकिटं मिळाली तर ती दोनच घेऊन वेगळी बैठक करा. मला विचाराल तर पाच देशांच्या पाच पाकिटांपेक्षा ती बैठक जास्त शिकवते.

पायरी ३: पाकीट उलटं करून वाचा

आधी तारीख. अमेरिकन पाकिटावर महिना आधी येतो आणि दिवस नंतर. ०३/०८ म्हणजे आठ मार्च, तीन ऑगस्ट नव्हे. जपान-कोरियात वर्ष आधी. भारतात रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेली चिकटपट्टी असायला हवी. ती तारखेवरच चिकटवलेली असेल तर मी ते पाकीट परत ठेवते.

मग शाकाहारी-मांसाहारी. आपल्याकडे हिरवा ठिपका बघायची सवय आहे, बाहेर तो नसतो. अमेरिकन चीज पावडरमधलं रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध साकळवणारा पदार्थ, प्राणिज असू शकतं. पूर्व आशियातल्या पाकिटांत मक्याच्या खाण्यातही कोंबडी, गोमांस किंवा कोळंबीचा अर्क सापडतो. भाषा येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून घ्या. ते अगदी बरोबर येईलच असं नाही, पण 'कोळंबी' हा शब्द सुटत नाही. मंडळींमध्ये कडक शाकाहारी कुणी असेल तर हे काम आदल्या दिवशी उरका, वाटी हातात दिल्यावर नको.

मीठ मोजायची एक सोपी रीत आहे. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. समजा २८ ग्रॅमच्या वाढपाला (एका 'सर्व्हिंग'ला) ४०० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे एक ग्रॅम मीठ. ११२ ग्रॅमचं पाकीट एकट्यानं संपवलं तर चार ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. भारतीय पाकिटावर आकडे १०० ग्रॅमचेही असतात, अमेरिकन पाकिटावर बहुधा वाढपाचे; तुलना करण्याआधी दोन्ही एका मापावर आणा. मेक्सिकोच्या पाकिटावर ही कटकट नाही. तिथे २०२० पासून पाकिटाच्या तोंडावरच काळे अष्टकोन छापतात: सोडियम जास्त, कॅलरी जास्त, संपृक्त चरबी जास्त. तिखट मक्याच्या पाकिटावर दोन-तीन अष्टकोन ओळीनं उभे असतात.

शेवटी बारीक अक्षरातले क्रमांक. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, आपलं अजिनोमोटो. ६२७ आणि ६३१ ही त्याची जोडीदारं. ती असली की थोड्या ६२१ मध्येही चव भरून येते. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबूसत्व. २९६ म्हणजे मॅलिक ॲसिड, हिरव्या सफरचंदातलं आंबट. २६२ म्हणजे सोडियम डायॲसिटेट, ज्यानं व्हिनेगरचा झटका येतो. यांतले आंबट क्रमांक कागदावर लिहून, घडी करून ठेवा. चव घेऊन झाल्यावर उघडायचा आहे.

रंगाचंही असंच. लालभडक दिसतं ते तिखट, ही समजूत आपल्या स्वयंपाकघरात तरी टिकत नाही: बेडगीनं रंग येतो, जाळ लवंगीनं. पाकिटात तर लाली बहुतेकदा मिरचीची नसतेच, अल्युरा रेड (क्रमांक १२९) या कृत्रिम रंगाची असते. बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल राहतात ती त्यामुळे. पोटातून बाहेर पडतानाही हा रंग दिसू शकतो. ते रक्त नाही एवढं माहीत असलेलं बरं, पण तसं खाल्लेलं नसताना दिसलं तर मात्र डॉक्टर गाठा.

पायरी ४: मांडामांड

लागणारं सामान घरातलंच आहे. प्रत्येक पाकिटाला एक सारखी वाटी, वाटीखाली चिठ्ठीवर आकडा, प्रत्येक माणसाला ताटली, कागद-पेन, साधा पांढरा भात किंवा बिनमिठाचा पाव, आणि थंड दूध किंवा गोडसर दही. चमचा किंवा चिमटा ठेवा. हातानं उचललं की मसाला बोटांना लागतो, तीच बोटं पुढच्या वाटीत जातात आणि सगळ्या वाट्यांना एकच चव येते. कोरियात लोक चिप्स सरळ चॉपस्टिकनं उचलतात, कीबोर्ड खराब होऊ नये म्हणून. युक्ती चांगली आहे.

पाकिटं दहा मिनिटं आधी फोडा, त्याच्या आधी नको. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पाच मिनिटंही खूप झाली. फुगीर माल बघता बघता सादळतो. आणि सादळलेल्या मालाचं तिखटही मंद लागतं, कारण दाताखाली तो मोडत नाही, नुसता दबतो.

एका माणसाला पाकिटं माहीत असू देत, बाकीच्यांना नको. चित्र, रंग, ज्वाळा, नाव यांनी जीभ आधीच ठरवून टाकते की हे तिखट असणार. आकार बघून टाकीज ओळखू येणारच, त्याला इलाज म्हणजे सगळं थोडं चुरडून वाढायचं. पण मग कुरकुरीतपणाची परीक्षा जाते. मी एक अख्खा आणि एक चुरडलेला असे दोन घास ठेवते: चुरडलेला डोळे मिटून आधी, अख्खा नंतर.

क्रम सौम्यापासून जहालाकडे. वर सांगितलेल्या पाचांत कॉर्निक पहिला, मग कोरियन, मग कुरकुरे, डोरिटोज आणि शेवटी टाकीज किंवा चीटोज. दोन वाट्यांमध्ये किमान पाच मिनिटं थांबा. हे पाच मिनिटं लोक पाळत नाहीत आणि तिथेच सगळं बिघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन लागोपाठ आलं की जळजळ एकावर एक चढत जाते. मध्ये बरीच विश्रांती मिळाली की उलट होतं, जीभ काही काळ बधिरते आणि पुढचं सौम्य भासतं. म्हणजे घाई केली तर शेवटचं पाकीट उगाच जहाल ठरतं, आणि गप्पांत अर्धा तास गेला तर उगाच मवाळ. घड्याळ लावा.

पायरी ५: एक तुकडा, सावकाश

उदाहरणाला टाकीज फुएगोची एक गुंडाळी घ्या. बोटभर लांब, पेनाएवढी जाड. नाकाशी धरा: आधी लिंबू, मग कांदा-लसणाची पूड, आणि अगदी मागे तळलेल्या मक्याचा वास. मिरचीचा वास शोधावा लागतो.

आता ती न चावता जिभेच्या टोकावर ठेवा. पहिल्या सेकंदाला मीठ, पाठोपाठ आंबट. इतकं आंबट की गालफडांत लाळ सुटते आणि डोळे आपोआप बारीक होतात. मिरची अजून आलेलीच नसते. मग चावा. गुंडाळीचे आतले पदर मोडतात, तिथे मसाला कमी असतो, म्हणून क्षणभर मका आणि तेल लागतं. पाच-सात सेकंदांनी जिभेच्या मध्यावर आणि घशाच्या तोंडाशी जळजळ सुरू होते. गिळल्यावर एक मिनिट काहीही खाऊ-पिऊ नका आणि ती कुठे जाते ते बघा: ओठांवर, कानशिलाकडे की घशात.

माझ्या सांगलीच्या मावशीला ही गुंडाळी दिली होती. मावशी ज्वारीच्या भाकरीबरोबर लवंगी मिरचीचा ठेचा खाणारी. पोरं मोबाइल रोखून बसली होती, आता आजी कशी उड्या मारते ते बघू म्हणून. तिनं शांतपणे चावून गिळली आणि म्हणाली, "अगं तिखट कुठाय यात? दात आंबले की माझे!" पाकिटाबद्दल एवढी नेमकी ओळ मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही.

प्रत्येक वाटीला हाच क्रम: वास, जिभेच्या टोकावर, चावा, एक मिनिटाची वाट. कागदावर चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा. तिखट किती, आंबट किती, खारट किती, आणि जळजळ कधी आली व किती टिकली. पहिल्या तिघांना शून्य ते पाच गुण द्या. चौथ्याला गुण नकोत, शब्दांत लिहा: 'लगेच आली, लगेच गेली', 'उशिरा आली, घशात बसली'. 'आवडलं की नाही' हा रकाना शेवटी, कारण तो आधी भरला की बाकीचे त्याच्या मागे जातात.

पायरी ६: आंबटाचा खेळ पकडा

हा प्रयोग घरी जरूर करा, पाच मिनिटांचा आहे. बिनमसाल्याचे, नुसत्या मिठाचे नाचोज आणा. दोन वाट्यांत सारखे घ्या. दोन्हींवर मोजून सारखं लाल तिखट भुरभुरा, आणि एकीवर वर चिमूटभर लिंबूसत्व. न सांगता मंडळींना विचारा, जास्त तिखट कोणतं?

बरीच बोटं लिंबूसत्वाच्या वाटीकडे वळताना दिसतील. यामागे शरीराचं कारण आहे. जिभेवर आणि तोंडाच्या आतल्या कातडीवर टीआरपीव्ही१ नावाचं ग्राहक प्रथिन, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, असतं. त्याचं मूळ काम साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखून मेंदूला 'पोळतंय' असं कळवणं. कॅप्सेसिन तेच बटण दाबतं, म्हणून मिरची खाल्ली की भाजल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात भाजत काहीच नाही. आम्लानं हे बटण आणखी हळवं होतं. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं, स्पर्शाच्या ग्राहक प्रथिनांवर काम करणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत. कंपन्यांना हे गणित स्वस्तात पडतं. मिरची वाढवली तर गिऱ्हाईक पळतं; लिंबूसत्व वाढवलं की 'बापरे' म्हणतं आणि दुसरा तुकडा उचलतं, कारण आंबटानं लाळ सुटते आणि आणखी खावंसं वाटतं. लोणावळ्याच्या घाटात निखाऱ्यावरच्या कणसाला लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून चोळतात, तीच जोडी इथे पाकिटात भरलेली आहे.

आता पायरी तीनमधली घडी केलेली चिठ्ठी उघडा. ज्यांना तुम्ही जास्त तिखट म्हटलं त्यांच्यात ३३०, २९६, २६२ किती जणांत आहेत ते बघा.

याच निकषावर बाकीची पाकिटं उभी करा. चीटोज फ्लेमिन हॉटमध्येही आंबट आहे, पण चीज आणि तेल त्याला पांघरूण घालतात. जळजळ मऊ येते आणि बराच वेळ राहते. कोरियन गोड-तिखटात साखर आधी येते आणि मिरची मागून, त्यामुळे पहिल्या घासाला लोक 'हे तर गोडच आहे' म्हणतात आणि चौथ्याला पाणी मागतात. कुरकुऱ्यात आमचूर, धणे-जिरं आणि काळं मीठ. इथे आंबट फळाचं लागतं, प्रयोगशाळेचं नाही, आणि जळजळ ओठांच्या पुढे फारशी जात नाही. कॉर्निकमध्ये लसूण पुढे आणि मिरची तोंडी लावण्यापुरती. मला स्वतःला या पाचांत कॉर्निक सर्वांत आवडतो. त्यात मक्याला मक्याची चव आहे.

तिखटाचे आकडे

कुणीतरी 'हे किती स्कोव्हिल?' असं विचारणारच. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत नेला आणि चाखणाऱ्यांना जळजळ लागेनाशी होईपर्यंत किती पटीनं पातळ करावा लागतो ते मोजलं. हालापेन्यो मिरची अडीच ते आठ हजार, आपली भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर. २००७ साली गिनीजनं तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. पण हे आकडे मिरचीचे आहेत. नेहमीच्या पाकिटांवर कंपन्या आकडा छापत नाहीत, आणि इंटरनेटवर फिरणारे पाकिटांचे आकडे मी धरत नाही. तुमचा शून्य ते पाच बरा.

पोळल्यावर काय करायचं

पाणी पिऊ नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं ते तोंडभर पसरतं. दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं. साय काढलेलं दूधही चालतं. दूध न चालणाऱ्यांना साखर चघळायला द्या, गोडानं जळजळ दबते. पाकिटातल्या आंबटानं मात्र जिभेची साल गेल्यासारखी वाटते, त्यावर दुधाचा इलाज चालत नाही. त्याला भाताचा घास आणि थोडा वेळ.

काही गोष्टींत मी अजिबात सूट देत नाही. रिकाम्या पोटी बसायचं नाही. आम्लपित्त, अल्सर, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहिल्या दोन वाट्यांवर थांबायचं. वाटी हलवताना मसाल्याची पूड उडते, तेव्हा दमेकऱ्यानं वाटीवर वाकू नये. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती बैठकीआधी काढून ठेवा; लाल बोटांनी लेन्स काढणं म्हणजे काय ते सांगत बसत नाही. लहान मुलांना चुरा चाखू द्या, पैजेवर वाटी देऊ नका.

आणि 'चॅलेंज'वाली पाकिटं आणूच नका. अमेरिकेत 'वन चिप चॅलेंज' म्हणून शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात मक्याची एकच चिप विकली जायची, कॅरोलिना रीपर आणि नागा वायपर या मिरच्यांची. २०२३ च्या सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये ती खाल्ल्यानंतर एक १४ वर्षांचा मुलगा दगावला. कंपनीनं ती बाजारातून काढून घेतली. नंतरच्या शवविच्छेदनात हृदय आणि श्वास बंद पडल्याचं, आणि त्याआधी खूप कॅप्सेसिन असलेलं खाणं पोटात गेल्याचं नोंदलं गेलं. त्याच्या हृदयात जन्मजात दोषही आढळला. आपल्या हृदयात काय आहे हे आपल्यालाही ठाऊक नसतं. शिवाय अशा चिपेत चाखण्यासारखं काही नसतं.

उरलेल्याचं काय

पाच पाकिटं फोडली म्हणजे भरपूर उरतं. तोंड घट्ट दुमडून, क्लिप लावून हवाबंद डब्यात ठेवा. आठवडाभरात संपवा, कारण तळलेला मका उघडा राहिला की तेल खवट होतं. खवट वास आला तर मसाल्यानं झाकू नका, टाकून द्या. नुसतं सादळलं असेल तर जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ते मऊच लागतं. टाकीज आणि चीटोज परतताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरभर ठसका लागतो.

तळाशी साठलेली लाल पूड फेकू नका. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, उकडलेले मक्याचे दाणे आणि वरून ही पूड: मीठ आणि लिंबू वेगळं घालावं लागत नाही. कॉर्निकचे फुटके दाणे मक्याच्या पोह्यांच्या चिवड्यात छान जातात. आणि पांढऱ्या सोफ्यावर बसून चाखलं असेल तर डाग आधी कोरड्या ब्रशनं झाडा. ओलं फडकं आधी लावलंत तर तो रंग कापडात उतरतो आणि मग निघत नाही.